पंधरा दिवसांत न कळवल्यास

ते पत्र आले तेव्हाच त्याला दोन ओळींचे उत्तर टाकले असते, तर पुढचे काहीच घडले नसते, ही गोष्ट मुद्रितशोधक काकांना नंतर रोज आठवू लागली. पंखा लावला की दारावरची घंटा वाजायची, तेव्हा तर हमखास.

पत्र युवा कौशल्य व समाजसहभाग मंडळाचे होते. हे मंडळ परिसरातल्या तरुणांना नळदुरुस्ती, वीजकाम, सुतारकाम अशी हाताची कामे शिकवी आणि शिकलेले लगेच समाजाच्या उपयोगी पाडी. समाज नेमका कुठे राहतो हे कळावे म्हणून साठीपुढच्या एकट्या राहणाऱ्या माणसांना पत्रे धाडली होती. मजकूर असा होता : ‘आपणांस मदतीची गरज नसल्यास तसे पंधरा दिवसांत लेखी कळवावे. न कळवल्यास गरज आहे, असे समजण्यात येईल.’

काकांचे वय एकाहत्तर. एका छापखान्यात चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेली होती. आता ते दोन खोल्यांत पुस्तकांच्या सोबतीने राहत. मदतीची गरज त्यांना नव्हती. गरज होती ती फक्त एका बऱ्या वाक्याची. ‘मला मदतीची गरज नाही’ असे त्यांनी लिहिले, पण ते उर्मट वाटले. ‘मला तूर्त मदतीची गरज नाही’ असे लिहिले, तर त्यात पुढेमागे येण्याचे आमंत्रण दिसू लागले. ‘गरज नाही, तरीही आभार’ यातल्या ‘तरीही’ने घात केला. असे अकरा मसुदे झाले. बाराव्यात स्वल्पविराम द्यावा की न द्यावा या विचारात असताना दार वाजले. तो सोळावा दिवस होता.

दारात चौघे उभे होते. पुढे एक मुलगी होती. तिच्या हातात कायम पक्कड असे, म्हणून सगळे तिला पक्कडच म्हणत. मागे टॉवर नावाने ओळखला जाणारा उंच मुलगा मोबाइल सरसावून उभा होता.

“काका, आम्ही मदत करायला आलोय,” पक्कड म्हणाली.

“हो, पण मी तेच लिहीत होतो की...”

“लिहा की! अगदी निवांत लिहा. तोवर आम्ही नळ बघतो.”

चौघांनी नळ बघितला. उघडला, बंद केला, खाली हात धरून वाट पाहिली. मग त्यांचे चेहरे उतरले.

“काका, हा गळत नाही.”

“नाही.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासूनच.”

“मग आमची पायरी एक कशी पुरी व्हायची?” टॉवर कळवळून म्हणाला.

काका ओशाळले. चार माणसे उन्हातून घरी आली आणि घरात साधा एक गळका नळ असू नये! “माफ करा हं,” ते म्हणाले. “स्वयंपाकघरातला थोडा घट्ट फिरतो. तो चालेल का?”

“घट्ट नाही चालत. अभ्यासक्रमात गळका आहे.”

पक्कड मुळात कामाची मुलगी होती. तिने नळ खोलला, आतला वॉशर जरासा कातरला, आणि पाणी टपटपू लागले. टॉवरने ‘दुरुस्तीपूर्वी’चा फोटो घेतला. मग नवा वॉशर बसवून ‘दुरुस्तीनंतर’चा घेतला. नियमाप्रमाणे पहिल्या फोटोत लाभार्थी चिंताग्रस्त हवा आणि दुसऱ्यात समाधानी. पण चाळीस वर्षे चुका शोधलेल्या माणसाचा चेहरा एकदा बसला की बसतो. काका दोन्ही फोटोंत सारखेच दिसले. तीन दिवसांनी शेरा आला : ‘लाभार्थ्याचे समाधान अपुरे. फेरभेट आवश्यक.’

फेरभेटीत नळ पुन्हा कातरला गेला आणि पुन्हा जोडला गेला. काकांनी हसण्याचा प्रयत्न केला. फोटो पाहून मंडळाने विचारले, लाभार्थ्याचे दात दुखतात काय? तिसऱ्या फेरीनंतर नळाने हाय खाल्ली आणि तो खराच गळू लागला.

ही बातमी मंडळात वाऱ्यासारखी पसरली. खरी गळती! दुसऱ्या तुकड्यांची मुले दाराबाहेर चपला काढून रांगेने आत येऊ लागली. त्यांचे प्रशिक्षक नळाकडे बोट दाखवून म्हणत, “नीट बघून घ्या. अशी गळती हल्ली मिळत नाही.”

नळापाशी गर्दी झाली म्हणून वीजकामाची तुकडी पंख्याकडे वळली. तिने दारावरच्या घंटेची आणि पंख्याची अशी काही सोयरीक जुळवली की वारा हवा असेल तर काकांना घंटेच्या गजरात बसावे लागे. सुतारकामाच्या तुकडीला दार खाली किंचित घासते असे आढळले. तिने ते बोटभर तासले. पुढच्या तुकडीला तासण्यासारखे काही उरले नव्हते, पण पायरी तर पुरी करायची होती, म्हणून तिनेही बोटभर तासले. चौथ्या तुकडीनंतर शेजारचे मांजर मान न वाकवता आत येऊ लागले.

मग ‘एकाकी ज्येष्ठांशी संवाद’ हा विषय घेतलेली मुले आली. एकूण चौदा. जागा नव्हती म्हणून चौघे पलंगावर उभे राहिले.

“आजोबा, तुम्हाला एकटं वाटतं का?” एकाने तक्त्यात बघून विचारले.

“नाही. आत्ता तर मुळीच नाही.”

“‘नाही’चा रकाना नाहीये. ‘वाटतं’ आणि ‘फार वाटतं’ एवढेच आहेत.”

“मग... ‘वाटतं’ लिहा.”

“‘फार’ लिहितो ना, आजोबा. त्याला दोन गुण जास्त आहेत.”

शेवटी ‘वाचनालय व्यवस्थापन’वाले आले. काकांची पुस्तके विषयवार लावलेली होती. मुलांनी ती रंगवार लावली : आधी निळी, मग हिरवी, मग पिवळी. शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडाला कधीकाळी वेगळे पुठ्ठे घातले होते. त्यामुळे मराठी भाषेतले अर्धे शब्द खिडकीपाशी गेले आणि उरलेले अर्धे मोरीच्या भिंतीला लागले. काकांनी पहिला खंड उचलून दुसऱ्याकडे न्यायला घेतला. पण मुले इतक्या आशेने बघत होती की ते म्हणाले, “छान दिसतंय.” मुलांनी ‘समाधान : पुरेसे’ असे लिहून घेतले.

एवढ्यावर भागले असते तर काकांनी सोसले असते. पण प्रत्येक दुरुस्तीगणिक त्यांचा ‘सहायता-निर्देशांक’ दोन अंकांनी वाढत होता. ज्या घरात इतक्या दुरुस्त्या कराव्या लागतात, त्या घरातला माणूस एकटा राहू शकेल कसा? निर्देशांक तीसवर पोचला तेव्हा मंडळाने काकांच्या धाकट्या बहिणीला शिफारसपत्र पाठवले : ‘सदर लाभार्थी स्वतंत्र राहण्यास असमर्थ आहे. नातेवाइकांनी ताबा घ्यावा.’

बहीण सोमवारी सकाळीच येऊन थडकली. बादलीत नळ टपटपत होता, पंखा लावताच घंटा वाजू लागली, आणि घंटा ऐकून मांजर पाहुण्यासारखे आत आले.

“दादा! ही काय दशा करून ठेवलीस घराची?”

“दुरुस्ती चालली आहे.”

“याला दुरुस्ती म्हणतात? घराची पार रया गेलीय! नको म्हणून तोंड उघडायला काय झालं होतं?”

“कळवणारच होतो. बारावा मसुदा बराच जमला होता.”

“तू नाही सुधारायचास. आई लहानपणी विचारायची, दूध हवं की नको, तर दुधावर साय धरेपर्यंत तू विचार करत बसायचास! आणि ती साय शेवटी मला खावी लागायची.” तिने डोळे पुसले, कारण तिला भावाची खरेच काळजी होती. “ते काही नाही. रविवारी मी टेम्पो घेऊन येते. तू माझ्याकडे राहायचंस. पुस्तकांना माळ्यावर जागा करते.”

बहिणीच्या घरी प्रत्येक खोलीत टीव्ही होता आणि सगळे एकदम चालू असत. मेहुणे वर्तमानपत्र मोठ्याने वाचत, जाहिरातींसकट. आणि माळ्यावर गेलेले पुस्तक पुन्हा खाली आल्याचे त्या घराच्या इतिहासात नमूद नव्हते.

मंगळवारी काका आयुष्यात पहिल्यांदा न बोलावता कुणाच्या कार्यालयात गेले. मंडळाच्या सचिवताई पंचविशीच्या होत्या. कानावर पेन होते आणि दुसरे पेन हातात होते.

“माझं नाव यादीतून काढता येईल का?” काकांनी विचारले. हे वाक्य त्यांनी रस्त्यात वीसदा घोकले होते.

“येईल की. तीन कारणांनी येतं. लाभार्थी वारला, लाभार्थी दुसरीकडे राहायला गेला, किंवा लाभार्थी मंडळाचा सभासद झाला. सभासदाला लाभार्थी राहता येत नाही. हितसंबंध आड येतात.”

काकांनी तिन्ही मार्गांचा विचार केला. पहिल्याला फारशी तयारी लागत नव्हती, पण तो रविवारच्या आत जमेलच याची खात्री देता येत नव्हती. दुसऱ्याचा टेम्पो ठरलेलाच होता.

“पण हे युवा मंडळ आहे. मी एकाहत्तर वर्षांचा.”

“वयाची अट काढलीये, काका. ज्याला शिकायची उमेद आहे तो युवा, असं आता घटनेत आहे. मध्यंतरी अट घालून बघितली होती, पण मग अध्यक्षांनाच घरी बसावं लागलं असतं.”

अशा रीतीने काका युवा झाले. त्यांना एक पिवळी टोपी आणि एक पाना मिळाला, आणि शिकवायला पक्कड मिळाली.

“काका, वॉशर उलटा धरलाय. हं, आता सरळ. आता आवळा. बास, बास! नळ आहे तो, कुणाचा गळा नाही.”

नळ थांबला. चुका हुडकण्यात हयात गेलेल्या माणसाला नळाची चूक सापडायला कितीसा वेळ? बुधवारी त्यांनी पक्कडच्या देखरेखीखाली पंखा आणि घंटा यांची फारकत केली. गुरुवारी दाराच्या खाली लाकडाची पट्टी ठोकली. मांजराने बाहेरून निषेध नोंदवला. शब्दकोशाचे दोन्ही खंड पुन्हा एकमेकांना टेकले.

“अगं, तुला तर सगळं येतं की!” काका म्हणाले.

“येतं हो काका. पण नुसतं येऊन काय करू? कुणाकडे काही मोडतच नाही. मोडलं तरी लोक सांगत नाहीत.”

त्या संध्याकाळी काका कोरड्या नळाकडे बघत बसले आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले, चांगले दाढांपर्यंत. तेव्हा फोटो घ्यायला नेमके कुणी नव्हते.

शुक्रवारी सचिवताई पाहणीला आल्या. त्यांनी नळ सोडून पाहिला, पंखा लावून पाहिला आणि मान डोलावली. “झकास! पण याचे गुण नाही मिळणार.”

“का?”

“स्वतःच्या घरचं काम म्हणजे समाजकार्य नाही, ती स्वार्थसाधना. सभासदत्व पक्कं व्हायचं तर तुम्हाला तुमचा एक लाभार्थी हवा. नाव कळवलंत की शिफारस रद्द केल्याचं पत्र मी उद्याच तुमच्या बहिणीला हातोहात पोचवते. नाही कळवलंत, तर त्यांनी आम्हाला कळवलेला रविवारचा टेम्पो आहेच.”

“मी कुणाचं नाव देऊ?”

“ज्याला गरज आहे त्याचं.”

“गरज आहे हे कसं ओळखायचं?”

“सोपं आहे. पत्राला वेळेत उत्तर देत नाही त्याला गरज असते.”

काका कासावीस झाले. त्यांचे घर बघून परिसरातल्या यच्चयावत ज्येष्ठांनी ‘गरज नाही’ अशी उत्तरे तातडीने पाठवली होती. एका आजींनी तर तीन प्रती पाठवल्या होत्या. “आणि तोंडी नको हं,” सचिवताई जाता जाता म्हणाल्या. “आमच्या पहिल्या पत्राचं तुमचं उत्तर अजून यायचंय. त्यातच लिहा. सकाळच्या टपालात मला मिळालं पाहिजे.”

काका कागद घेऊन बसले. बहिणीचे नाव देता येईना. ती आल्या पत्राला त्याच दिवशी पाठपोट उत्तर देई. मेहुणे ते उत्तर मोठ्याने वाचून तपासत. छापखान्यातले जुने सोबती आठवून पाहिले, तर ते यादीतून पहिल्याच मार्गाने बाहेर पडलेले होते. हवा होता असा माणूस, जो स्वभावाने भला आहे, दारी आलेल्याला नको म्हणत नाही, वाचायला बसला की दुसऱ्याची फजिती चवीचवीने शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, आणि टेबलावर पडलेले स्वतःचे पाकीट मात्र ‘बघू उद्या’ म्हणून पालथे घालतो.

आणि काकांना असा माणूस आठवला. चटकन आठवला. त्यांचे मन क्षणभर खाऊ लागले. त्या बिचाऱ्याने आपले काय वाकडे केले आहे? मग डोळ्यांसमोर माळा आला, माळ्यावरचा अंधार आला, आणि मन खायचे थांबले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी मसुदा न करता एकटाकी पत्र लिहिले : ‘आपले पत्र पोचले. मला मदतीची गरज नाही. खालील व्यक्तीस आहे.’

खाली त्यांनी नाव लिहिले आणि पत्ता लिहिला. तो इथे देत बसत नाही, तुम्हाला तो पाठच आहे. तुम्ही आत्ता बसला आहात त्या खुर्चीचा एक पाय किंचित डुगडुगतो, हेही त्यांनी सुतारकामाच्या सोयीसाठी नमूद केले.

मग ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी गेले. पेटीतले टपाल न्यायला पोस्टमन यायला अजून दहा मिनिटे होती. त्यांनी पाकीट आत सोडले, फटीत दोन बोटे घालून ते कुठे अडकले नाही ना याची खात्री केली, आणि घरी जाऊन वाचत बसले.