नऊ शब्दांची विहीर

अंबरनाथहून बदलापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला ऐतिहासिक फलक उभारण्यासाठी १९९४ साली एक समिती नेमण्यात आली. तिच्या सचिवपदी सुहासिनीबाईंची एकमताने निवड झाली. त्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवत. इतिहासाशी त्यांचा संबंध नव्हता, त्यामुळे त्या निःपक्षपाती होत्या.

"मॅडम, तुम्ही सायन्सवाल्या," अध्यक्ष हिंदुराव म्हणाले. "तुमचं चुकणार नाही. चुकलं तरी कुणाला कळणार नाही."

पहिला अर्ज कौसाबाईंचा. रस्ता रुंद होणार होता आणि त्यांच्या वस्तीच्या विहिरीवर स्लॅब पडणार होता.

"बाई, आम्ही बौद्ध झालो तसं गावानं पाणी बंद केलं. मंग सात जणांनी कातळ फोडला. सातातली एक माझी सासू. आता सातही गेले. इहीर बुजली तर बुजली, पण नावं दगडावर राहू द्या."

"पुरावा?" सुहासिनीबाईंनी विचारलं.

"पाणी हाय की!"

सुहासिनीबाईंनी स्वतः जाऊन खोली मोजली. बावीस फूट. मग त्यांनी मूळ प्रश्नाला हात घातला: फलक वाचणार कोण? रिक्षातला प्रवासी. रिक्षाचा वेग ताशी तीस किलोमीटर, फलक दिसण्याचं अंतर वीस मीटर, म्हणजे वेळ दोन पूर्णांक चार सेकंद. तेवढ्यात माणूस नऊ शब्द वाचतो. सबब, इतिहास नऊ शब्दांत बसला पाहिजे. समितीने टाळ्या वाजवल्या.

मसुदा झाला: 'गावाने पाणी नाकारल्यावर सात जणांनी १९५७ साली खोदलेली विहीर'.

"पहिले तीन शब्द काढा," हिंदुराव म्हणाले. "उगाच लफडं नको."

तीन शब्दांची जागा मोकळी झाली. तिथे तीन नावं बसली असती. पण सातांतून तिघं निवडणं अशास्त्रीय, म्हणून सुहासिनीबाईंनी समदृष्टीने सातही वगळली. पुढे सालाला कागद सापडेना, आकड्याला साक्षीदार एकच आणि तीही अर्जदार. शेवटी निर्विवाद असे दोन शब्द उरले: 'जुनी विहीर'.

दगड मोठा होता, रिकामा दिसू लागला. तेव्हा खाली अनावरण करणाऱ्यांची आणि उपस्थितांची नावं घालायचं ठरलं. अकरा ओळी.

"पण नऊ शब्दांचा नियम?" सुहासिनीबाई म्हणाल्या.

"अहो, तो इतिहासाला. ही औपचारिकता आहे."

त्यांना ते पटलं. मान्यवर स्वतःचं नाव थांबून वाचतात, म्हणून त्यांना रिक्षाचा वेग लागू नाही, अशी टीपही त्यांनी जोडली. अकरावी ओळ त्यांची होती. 'एम.एस्सी.'मधली टिंबं त्यांनी भिंगातून तपासली.

अनावरणाला कौसाबाई पांढरं पातळ नेसून आल्या. वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी मोठ्या अक्षरांखालच्या ओळी बोटाने मोजल्या.

"बाई, अकरा? आमचे तर सातच होते. ही चार कोण जास्तीची?"

"हे... पाहुणे आहेत, कौसाबाई."

"यांनी कुठं खणलं?"

कौसाबाईंनी दगडावर हात ठेवला आणि एकेक नाव मोठ्याने घ्यायला सुरुवात केली. सुहासिनीबाईंनी घाईने पेन काढलं. इतक्यात लाउडस्पीकरवरून शाल-श्रीफळासाठी त्यांचंच नाव पुकारलं गेलं. त्या गेल्या. परत आल्या तेव्हा कौसाबाई निघून गेल्या होत्या. सोमवारी स्लॅब पडला.

सुहासिनीबाईंना ते अकरा मान्यवर आजही मानाच्या क्रमाने पाठ आहेत. सातांतलं एकही नाव सांगता येत नाही. कौसाबाई त्याच वस्तीत राहतात, विचारलं तर सांगतील. पण जायला वेळ होत नाही.

वाचकांनी सुहासिनीबाईंना खुशाल हसावं. इथवर अध्यक्षांचं नाव कळलं, सचिवांचं कळलं, रिक्षाचा वेगही कळला. ती सात नावं कोणती, असं आपल्याही मनात एकदा तरी आलं का?