गोधड्यांतल्या चीजचा तपास

"पन्नास पावलांवरून मी गुन्ह्याचा वास घेतो, शिवराम. या नाकावर शास्त्रज्ञांनी ग्रंथ लिहायला हवा," डिटेक्टिव्ह चंद्रशेखर म्हणाले. त्यांना आठ दिवस सर्दी होती. शिवराम त्यांचा सहायक, म्हणजे पिशवी धरणारा. त्याने रुमाल पुढे केला.

केस कोपरखैरण्याची. नजीबभाई तुर्भ्याच्या कारखान्यात सुपरवायझर. त्यांच्या फ्रेंच साहेबाने मायदेशाहून मुद्दाम बुरशी धरवलेलं निळं चीज आणून दिलं होतं आणि आज दुपारी तो चव कशी लागली ते विचारायला घरी येणार होता. चीज मात्र गायब.

"चाखलंत का?" शिवरामने विचारलं.

"वासानेच हिंमत झाली नाय. पन ऑफिसात बोलून बसलोय, चीजमधलं मला सगळं कळतं. आता इज्जत जानार! साहेब बोलला फ्रिजात नको, म्हनून गोधड्यांच्या कपाटात ठेवलं. बायकोला, मरियमला विचारू नका हां, साहेबाच्या आधी तीच मला हाकलेल."

चंद्रशेखरांनी कपाटात डोकं घातलं. "परदेशी हेर! चीजच्या भोकांत नकाशा असणार."

"या चीजला भोकं नसतात, सर."

"म्हणजे भोकंसुद्धा चोरली!"

मग संशय पोपट नावाच्या शेजाऱ्यावर गेला, कारण तो तोंड पुसत घराबाहेर आला. त्याने नुकतीच दाढी केली होती. चंद्रशेखरांनी त्याच्या हनुवटीवरचा फेस चाखूनही पाहिला.

तेवढ्यात मरियमने पानं वाढली. नजीबभाई न जेवता खिडकीतून साहेबाची वाट बघत राहिले, आणि शिवरामला मटार आवडत नसत. चंद्रशेखरांनी तांदळाच्या भाकरीशी मटारच्या भाजीचा अख्खा वाडगा पुसून खाल्ला.

"भाभी, पनीर झकास!"

"बरं झालं संपलं. गोधड्यांत कोनी ठेवलंवतं काय माहीत. हिरवी बुरशी लागलेली. लोनच्यावरची काढतो तशी खरवडली, तर निम्मं गेलं. उरलेलं टाकवेना, म्हनून धुऊन मटारात घातलं."

नजीबभाईंनी रिकामा वाडगा उचलून पाहिला. आणि बेल वाजली.

साहेबाने दारातूनच विचारलं, "कैसा लगा?"

घरात त्या चीजची चव जाणणारा एकच माणूस होता. शिवरामने आयुष्यात पहिल्यांदा आपल्या सरांना पुढे ढकललं.

"खारट," चंद्रशेखर घाबरत म्हणाले. "थोडं खवट. पण परत घ्यावंसं वाटतं."

नजीबभाईंनी त्याचं हिंदी केलं. साहेबाचे डोळे भरून आले. चौदा वर्षांत एकाही हिंदुस्थानी माणसाने त्याला खरं सांगितलं नव्हतं. सगळे नुसतं 'व्हेरी नाइस' म्हणत. त्याने नजीबभाईंना मिठी मारली आणि चीज कशाबरोबर खाल्लं ते विचारलं.

"मटार," मरियम म्हणाली. साहेबाने ते डायरीत लिहून घेतलं.

जिना उतरताना चंद्रशेखरांनी नाक शिंकरलं. "पाहिलंस? चीज शेवटी मीच शोधलं."

"हो सर," शिवराम म्हणाला. "पचलं की सांगा, केस बंद करतो."