हॅझलबी टाउनसाठी देव पाण्यात

खोटं बोलायचं माझ्या मनात अजिबात नव्हतं. मला फक्त लिफ्टमधला वेळ काढायचा होता.

टोरोंटोतल्या आमच्या ऑफिसात नायजेल नावाचा नवा साहेब आला होता, अस्सल इंग्लंडचा. टीम लीडची जागा रिकामी होती आणि ती मला किंवा जयदीपला मिळणार, हे आमच्या मजल्यावरच्या कॉफी मशीनलासुद्धा ठाऊक होतं. एक दिवस लिफ्टमध्ये साहेब आणि मी दोघंच. त्याच्या गळ्यात तपकिरी-पिवळ्या पट्ट्यांचा मफलर, त्यावर 'हॅझलबी टाउन एफसी' विणलेलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "अरे वा, हॅझलबी! माझा लहानपणापासूनचा क्लब!"

(फुटबॉलशी माझा संबंध एवढाच, की शाळेत मला गोलपोस्टच्या जागी उभं करायचे. गोलकीपर म्हणून नव्हे. पोस्ट म्हणून.)

साहेबाच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. मला नंतर कळलं, की हॅझलबी टाउन हा इंग्लंडच्या खालच्या डिव्हिजनमधला क्लब असून खुद्द हॅझलबीतले लोकही त्याचं नाव जरा हळूच घेतात. अख्ख्या कॅनडात आपल्याला जोडीदार मिळेल, ही आशा साहेबाने कधीच सोडून दिली होती.

"शनिवारी कपची मॅच आहे," तो म्हणाला. "प्रीमियर लीगच्या टीमशी! तू कुठे बघणार?"

"घरीच. रिचमंड हिलला."

"मग मी येतो."

घरी येऊन मी शुभदाला सगळं सांगितलं. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाल्यामुळे ती चिडली नाही. तिने फक्त लॅपटॉप उघडला.

"तुझं लीडपद जाऊ द्यायचं नाही मला," ती म्हणाली. "तू गप्प बस. अभ्यास मी करते."

आणि केला! शनिवारपर्यंत शुभदाला हॅझलबीचे सगळे खेळाडू नावानिशी पाठ झाले. इन्स्टाग्रामवर त्यांच्या बायकासुद्धा तिने पाहून घेतल्या. जेवताना ती सांगायची, "तो गोलकीपर डॉब्स आहे ना, त्याचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. आणि हॉजकिस, आपला नंबर नऊ, अजून भाड्याच्या घरात राहतो रे बिचारा." माझ्या चुलतभावांची तिने इतकी चौकशी कधी केली नव्हती.

शनिवारी सकाळी तर तिने कमाल केली. आईने दिलेला पितळी गणपती देवघरातून उचलला आणि पाण्यात ठेवला.

"शुभदा, अगं फुटबॉलसाठी देव पाण्यात?"

"वर्ल्ड कपच्या फायनलला तुझ्या काकांनी ठेवले नव्हते? हॅझलबी जिंकेपर्यंत आता हे बाहेर येणार नाहीत."

ओट्यावर बटाटेवड्यांची ताटं, साबुदाणावड्यांची परात, चटणीचे डबे. जागाच नव्हती. म्हणून देवाचं पातेलं गेलं स्टोव्हच्या मागच्या बर्नरवर, वर झाकण ठेवून. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण पुढच्या अनर्थाला महत्त्वाचं आहे, म्हणून सांगून ठेवतो.

नायजेल मफलर गुंडाळून वेळेवर आला. पाणी प्यायला किचनमध्ये गेला, तेव्हा शुभदाने त्याला झाकण उघडून देव दाखवला.

"हा पातेल्यात का आहे?" त्याने विचारलं.

"तुमचा क्लब जिंकेपर्यंत तिथेच राहणार."

"बिचारा!" साहेब कळवळून म्हणाला. "तुम्ही हे पूर्वीच सुरू केलं असतं, तर कित्येक वर्षं बाहेर आला नसता." आणि त्याने पातेल्याला हात जोडले.

मॅच सुरू झाली. साहेबाने मला विचारलं, "तुझा सर्वांत लाडका खेळाडू कोण?"

"नंबर नऊ," मी ठोकून दिलं. (नऊ नंबरवर कोणी ना कोणी असतंच.)

"कुठल्या काळातला?"

मला घाम फुटला. शुभदा चटकन म्हणाली, "नंदू, चहा टाकतोस का प्लीज? आणि नायजेल, डॉब्सचा गुडघा पाहिलात का? अजून डाव्या बाजूला झेपावत नाहीये तो." साहेब तिच्याकडे वळला तो वळलाच.

मी सुटलो आणि किचनमध्ये आलो. स्टोव्हवर झाकलेलं पातेलं. किती गुणी बायको, मी मनात म्हटलं, आधण आधीच ठेवलंय! बर्नर मोठा केला, झाकण जरासं सरकवून आतमध्ये साखर टाकली, आलं किसून टाकलं, आणि फ्रीजमध्ये दूध शोधत बसलो.

तेवढ्यात हॉलमधून साहेबाचा आर्त स्वर आला. समोरच्या टीमने गोल केला होता. आणि त्याच क्षणी आमची लेक रुचा ज्यूस घ्यायला किचनमध्ये आली, वाफ का येते म्हणून तिने झाकण उचललं आणि किंचाळली.

"डॅड! यू आर बॉइलिंग गणपती!"

पुढचं वर्णन करत नाही. शुभदा धावत आली, बर्नर बंद केला, देवाला कोमट पाण्यात हलवलं, कान धरून माफी मागितली. (स्वतःचे. माझे धरायचेच बाकी होते.)

"तरीच गोल झाला!" ती म्हणाली. "तू घरातच थांबू नकोस. जा, ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल कर!"

"अगं, साहेब आलाय..."

"गो, नंदू," साहेबच म्हणाला.

मी जॅकेट, टोपी, बूट चढवून बाहेर पडलो आणि पहिलं फावडं बर्फात घातलं. आतून असा आरडाओरडा झाला, की छपरावरचा बर्फ माझ्या मानेत पडला. हॉजकिसने गोल मारला होता! मी आनंदाने दाराकडे धावलो. दार आतून लागलं.

"येऊ नकोस!" शुभदा काचेतून ओरडली. "तू बाहेर गेलास आणि गोल झाला!"

आता तुम्ही म्हणाल, ही अंधश्रद्धा आहे. पण ज्याच्या घरी क्रिकेटची मॅच चालू असताना "जागचा हलू नकोस, विकेट पडेल" असं ऐकलेलं नाही, त्याने मला शहाणपण शिकवू नये. मी गप्प शोव्हल करत राहिलो. थोड्या वेळाने राहवेना, म्हणून खिडकीला नाक लावून डोकावलो. टीव्हीवर बॉल डॉब्सच्या डावीकडून आत जाताना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. आतल्या तिघांनी एकाच वेळी माझ्याकडे वळून पाहिलं. मग साहेबाने उठून ब्लाइंड्स ओढून घेतले. माझ्या घराचे, माझ्या तोंडावर.

मी नाइलाजाने शेजाऱ्यांच्या ड्राइव्हवेकडे सरकलो, तेव्हा हॅझलबीने बरोबरी साधली. मॅच पेनल्टीवर गेली. रुचाने दार किलकिलं केलं.

"डॅड, गो फर्दर! मॉम सेज टिल द स्टॉप साइन!"

मी कोपऱ्यावरच्या स्टॉप साइनखाली जाऊन उभा राहिलो. खरं सांगतो, मला वाईट वाटलं. माझं घर, माझा टीव्ही, माझे वडे, माझाच लहानपणापासूनचा क्लब, आणि मी एकटा थंडीत. समोरच्या मिसेस वाँग कुत्र्याला घेऊन आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फावड्याकडे पाहिलं.

"बायकोने घराबाहेर काढलं?"

"हो."

त्यांनी मान हलवली आणि स्वतःचे हातमोजे मला दिले. तेवढ्यात शुभदाचा फोन आला.

"कुठे आहेस?"

"कोपऱ्यावर."

"एक पाऊलही हलू नकोस. शेवटची पेनल्टी आहे. डॉब्स... डॉब्स डावीकडे... अडवला! नंदू, अडवला! जिंकलो!"

मी घरात शिरलो, तेव्हा गणपती पुसून देवघरात बसले होते, साहेब आणि शुभदा एकमेकांना साखर भरवत होते आणि वडे संपले होते. साहेबाने मला कडकडून मिठी मारली. "आज तुझ्यामुळे जिंकलो," तो म्हणाला. लीडपद खिशात पडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

सोमवारी त्याने केबिनमध्ये बोलावलं.

"नंदू, शनिवारी मी एक गोष्ट शिकलो. प्रत्येक माणसाची टीममध्ये एक योग्य जागा असते."

"अगदी बरोबर, सर."

"काही जण मैदानात हवेत, आणि काही जण जितके लांब, तितकं टीमचं भलं. लीड जयदीपला देतोय. तुला तिकडे तासाभरावर, ग्वेल्फच्या ऑफिसात पाठवतोय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "शुभदाला सांग, पुढच्या मॅचलाही मी येतोय."

संध्याकाळी मी तोंड पाडून घरी आलो आणि शुभदाला सगळं सांगितलं. तिने मान खाली घातली. मला वाटलं, तिचेही डोळे भरून आले असणार.

"ग्वेल्फ..." ती फोनवरचा नकाशा मोठा करत म्हणाली. "बरं झालं रे. पुढच्या फेरीत फार तगडी टीम आहे. नुसता कोपरा पुरला नसता."