दगडूची बदली

आंबेवळणात दर तीन वर्षांनी कुत्र्यांच्या बदल्या होतात, आणि यंदाच्या यादीत दगडूचं नाव आलं. त्यात गावाला काही वावगं वाटलं नाही. तलाठ्याची बदली होते, मास्तरांची होते, मग कुत्र्यानेच काय घोडं मारलंय? वावगं वाटलं ते एकट्या तात्या शेलारांना, कारण दगडू त्यांच्याकडे नेमणुकीला होता.

तात्या म्हणजे गावचे निवृत्त पोस्टमन. चौतीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलं आणि तेवढ्या काळात अकरा वेळा कुत्रं चावलं. पहिल्या दोन वेळेला तर पोटात चौदा-चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली होती. त्यामुळे त्यांची बायको इंदूकाकू गेल्यानंतर आठ महिन्यांनी श्वान नेमणूक कार्यालयाने दगडूला त्यांच्या दारात आणून उभं केलं, तेव्हा तात्यांनी लेखी हरकत घेतली होती. 'मला कुत्र्याची गरज नाही. असलीच तर लांबून आहे.' कार्यालयाने हरकत दप्तरी दाखल केली आणि दगडू पायरीवर बसला.

बदलीचा हुकूम रजिस्टरने आला आणि इथे तात्यांचंच शिकवणं तात्यांच्या अंगाशी आलं. पहिल्याच महिन्यात त्यांनी दगडूला समोर बसवून सांगितलं होतं, "हे बघ बाबा, बाकी तुला काय गोंधळ घालायचा तो घाल, पण पोस्टमनच्या अंगावर जायचं नाही. पोस्टमन आला की उठून उभं राहायचं आणि उजवा पाय पुढे करायचा. समजलं?" दगडूला समजलं होतं. नवा पोस्टमन इरफान पाकीट घेऊन आला तेव्हा तात्या आंघोळीला गेले होते. पाकिटावर नाव दगडूचं होतं. दगडू अदबीने उठला, त्याने उजवा पाय पुढे केला, इरफानने तो शाईच्या पॅडवर टेकवून पोचपावतीवर उमटवला, आणि हुकूम रीतसर बजावला गेला.

तात्या पंचा गुंडाळून बाहेर येतात तो हा प्रकार.

"अरे गाढवा, सही कशाला केलीस? 'घेण्यास नकार' लिहून परत नसतं का पाठवलं?"

दगडूने शेपूट हलवलं. त्याचं तरी काय चुकलं होतं?

तात्या त्याला घेऊन तडक कार्यालयात गेले. तिथल्या प्रमुख निंबाळकर मॅडम. बाई नियमाने चालणारी, पण मनाने वाईट नव्हे. त्यांनी दोघांना खुर्च्या दिल्या.

"बदली रद्द करायला एकच कारण चालतं, तात्या. काम अपुरं राहिलंय असं दाखवा."

"अपुरंच आहे की!"

"मग सांगा. नेमणूक झाली तेव्हा काय परिस्थिती होती?"

"परिस्थिती काय असणार? बायको गेलेली. आठ महिने मी दूधवाल्याला 'अर्धा लिटर' एवढंच बोलत होतो. कुणी दारात आलं की उठायचो, कडीपर्यंत जायचो आणि तसाच माघारी फिरायचो."

"आणि आता?"

"आता कुठलं आलंय घरात बसणं? पहाटे साडेपाचला हा पांघरूण ओढतो. नदीपर्यंत नेतो. वाटेत निम्मा गाव थांबवतो. आधी याची चौकशी करतात, मग इतकं विचारलंय तर माझीही करतात."

मॅडमनी रकान्यात लिहिलं, 'काम पूर्ण.'

"साखर?"

"तीनशे दहा होती. आता दीडशेच्या आत."

'काम पूर्ण.'

"झोप?"

"याच्या घोरण्याशिवाय येत नाही."

मॅडमनी जरा विचार केला आणि लिहिलं, 'पूर्ण, अपेक्षेपेक्षा जास्त.'

"एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला होता," तात्या रंगात आले, "मी आपला दुपारचा डाराडूर! याने धोतराचा सोगा धरून मला असं फरफटत अंगणात आणलं..." आणि ते मध्येच थांबले. कौतुक करावं तितकी बदली पक्की होत चालली होती, हे आता कुठे त्यांच्या ध्यानात आलं.

"दुसरा मार्ग आहे," मॅडम हलकेच म्हणाल्या. "काम झालं नाही, असं लिहून द्या. बदली थांबेल. मात्र तो शेरा दगडूच्या सेवापुस्तकात जाईल."

तात्यांनी शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. दगडू ताठ बसला होता, पंख्याकडे बघत. त्या प्राण्याच्या पुस्तकाला डाग लावायचा?

"नाही हो. फार चांगलं काम केलंय त्याने. मला पुन्हा माणसांत आणलंय. पूर्ण लिहा."

नवी नेमणूक खालच्या आळीत होती, शरयू बापट यांच्याकडे. शरयूबाई शाळेत चित्रकला शिकवायच्या. दिवाळीत स्कूटर घसरली, पाय मोडला. हाड कधीच जुळलं होतं, डॉक्टर 'चाला, चाला' म्हणून थकले होते, पण बाईंनी पाच महिन्यांत उंबरा ओलांडला नव्हता. भाजीसुद्धा खिडकीतूनच घ्यायच्या.

कुत्रा पोचवायचा तो जुन्या घरच्या माणसाने, आणि पोच घ्यायची, असा नियम आहे. त्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक नियम आहे. लागोपाठ तीन दिवस 'घर बंद' असा शेरा आला, तर बदली आपोआप रद्द होऊन कुत्रा मूळ जागी परततो. तो वाचला मात्र, तात्यांचे डोळे लकाकले. घर बंद! चौतीस वर्षांत हजारदा लिहिलेले दोन शब्द.

पहिल्या दिवशी तात्यांनी दारावर एका नखाने टकटक केली. पाल चुकचुकली असती तर जास्त ऐकू गेलं असतं. पाच मिनिटं थांबले आणि कागदावर लिहिलं, 'घर बंद.' दुसऱ्या दिवशी बेलच्या बटणाला फुंकर घातल्यासारखा हात लावला आणि पुन्हा तेच लिहिलं. घरी आल्यावर जेवण मात्र गेलं नाही. सगळ्या नोकरीत त्यांनी खोटा शेरा कधी मारला नव्हता. दगडू भिंतीकडे तोंड करून बसला होता.

तिसऱ्या दिवशी पहाटे पांघरूण ओढलंच गेलं नाही. तात्या उठले ते आठ वाजता.

"रागावलास होय रे?"

दगडूने ऐकलं न ऐकलंसं केलं, पण वेळ झाल्यावर उठून निमूट बरोबर चालू लागला.

खालच्या आळीत तात्यांनी पुन्हा नखाने टकटक केली आणि पेन्सिल काढली. एवढ्यात आत खुर्ची सरकली. पाय ओढत कुणीतरी दारापर्यंत आलं. कडीला हात लागल्याचा आवाज झाला. मग काहीच नाही. मग पावलं तशीच माघारी गेली.

ही पावलं तात्यांच्या ओळखीची होती. आठ महिने ती त्यांचीच होती.

त्यांनी पेन्सिल खिशात टाकली, छाती भरून श्वास घेतला आणि आळी दणाणून सोडली.

"रजिस्टर! सही लागेल!"

आता हे फक्त पोस्टमनलाच ठाऊक असतं. भेटायला आलेल्याला, समजूत घालायला आलेल्याला दार न उघडणारा माणूस रजिस्टरला उघडतोच. काय असेल, कुणाचं असेल, ही धाकधूक स्वस्थ बसू देत नाही. दार चार बोटं उघडलं.

"कुणाचं आहे?"

"तुमच्याच नावाचं."

"पाकीट कुठंय?"

तात्या बाजूला झाले. दगडू उठून उभा राहिला आणि त्याने उजवा पाय पुढे केला.

"अगं बाई! मला कुत्र्यांची भीती वाटते हो."

"मलाही वाटायची. अकरा वेळा चावलंय मला."

"मग?"

"हा चावत नाही. पहाटे पांघरूण ओढतो फक्त. ओढू द्या त्याला," तात्या म्हणाले. त्यांनी पावती पुढे केली, बाईंनी सही केली आणि दगडू आत गेला. जाताना त्याने एकदाच मागे वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला तात्यांनी स्वतःच स्वतःचं पांघरूण ओढलं आणि पायरीवर येऊन बसले. नदीकडे जायला पाय उचलेना. असे आठ दिवस गेले. दूधवाला म्हणाला, "तात्या, परत 'अर्धा लिटर'वर आलात की हो." तात्यांनी पातेलं पुढे केलं.

नवव्या दिवशी इरफान आला.

"तात्या, रजिस्टर."

"दगडू नाही रे इथे."

"तुमच्या नावाचं आहे."

चौतीस वर्षं लोकांची रजिस्टरं वाटली, पण स्वतःच्या नावाचं एकही कधी आलं नव्हतं. तात्या उठून उभे राहिले आणि नकळत त्यांनी उजवा हात पुढे केला. इरफानने त्यात पेन दिलं.

आत निंबाळकर मॅडमच्या सहीचा हुकूम होता. पंजाचे ठसे वाचायचा सहा महिन्यांचा कोर्स त्यांनी केलेला होता, त्यामुळे दगडूने ठशांत दिलेला अहवाल त्यांनी जसाच्या तसा उतरवला होता. 'नवी जागा अवघड आहे. बाई दारापर्यंत येतात आणि थांबतात. आधीच्या ठिकाणचे तात्या शेलार चालतात, बोलतात आणि बंद दार उघडायला लावतात. असा माणूस हाताखाली मिळावा.' सबब शेलार यांची मदतनीस पदावर नेमणूक करण्यात येत आहे. वेळ पहाटे साडेपाच. वरिष्ठ, दगडू.

तात्यांनी ते तीनदा वाचलं आणि पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले. "आठवण ठेवलीस रे बाबा," एवढंच ते म्हणत राहिले. इरफान तोवर सायकलला टेकून उभा होता, कारण पावतीवर सही व्हायची होती.

दुसऱ्या दिवशी तात्या इस्त्रीचा खाकी शर्ट घालून खालच्या आळीत हजर झाले. दार उघडं होतं. शरयूबाई काठी घेऊन पायरीवर उभ्या होत्या, एक पाय रस्त्यावर, एक अजून वर. दगडू फाटकापाशी होता. त्याने तात्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

पाच मिनिटं उशीर झाला होता, पण पहिलाच दिवस म्हणून त्याने तो धरला नाही. तो वळला आणि नदीच्या दिशेने निघाला. तात्यांनी बाईंना हात दिला, आणि दोघं त्याच्या मागून चालू लागले.