मिस्टर हॉइटचा खड्डा आणि ग्रेडीचा पंप

पंप मोठाच घ्यायचा, हे ग्रेडी पर्टलने दुकानात पाऊल टाकायच्या आधीच ठरवलं होतं. ठरवलं होतं म्हणजे काय, भीतीने त्याच्या वतीने ठरवून टाकलं होतं. (त्याचे बहुतेक निर्णय तीच घ्यायची.)

उद्यापासून बदकांच्या शिकारीचा मोसम सुरू. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याच्या त्या भाताच्या पट्ट्यात या दिवसापुढे नाताळसुद्धा फिका. ग्रेडीचे सासरे मिस्टर हॉइट (त्यांची बायकोही त्यांना मिस्टर हॉइटच म्हणायची) यांच्या शेताच्या बांधात एक लांबलचक लोखंडी पेटी पुरलेली होती. आत बाक, वर पेंढ्याने झाकलेली झाकणं. सगळे तिला खड्डा म्हणत. शिकाऱ्यांनी आत दडून बसायचं आणि पाणी सोडलेल्या शेतात बदकं उतरली की उठून गोळ्या झाडायच्या. त्या बाकावर जागा मिळाली की माणूस घरातला झाला. ग्रेडी डोंगराकडचा, त्यामुळे लग्न झाल्यापासून त्याच्याकडे एकच काम होतं, पहाटे उठून शिकाऱ्यांसाठी बिस्किटं भाजायची. यंदा मेहुणा टेक्ससला गेला आणि बाकावर जागा रिकामी झाली.

"खड्ड्यात पावसाचं पाणी साचलंय," मिस्टर हॉइट सकाळी म्हणाले होते. "मी तालुक्याहून परत येईपर्यंत उपसून ठेव. सगळं नको, गुडघाभर राहू दे. ते उद्या आपण आत बसल्यावर काढू. नीट जमलं तर जागा तुझी. नाही जमलं तर बिस्किटं आहेतच."

गुडघाभर का राहू द्यायचं, हे विचारायची ग्रेडीची छाती झाली नाही. मिस्टर हॉइटना 'का' विचारणारा माणूस त्या पंचक्रोशीत अजून जन्मायचा होता.

"छोटा घेऊन जा," दुकानातला डूली म्हणाला. "पाण्यात सोडायचा, बॅटरीला जोडायचा. हळूहळू उपसत बसतो बिचारा."

"आणि पालापाचोळा अडकला तर?"

"हात घालून काढायचा."

"हात कुठे घालायचा?"

"खड्ड्यात. आणखी कुठे?"

ग्रेडीने दोन्ही हात खिशात घातले. त्या भागात कापूसतोंड्या नावाचा विषारी पाणसाप असतो. जबडा उघडला की आतून पांढराफेक. ग्रेडीने तो जबडा एकदा लांबून पाहिला होता आणि तेव्हापासून तो घरातला टबसुद्धा आधी वाकून बघत असे.

"एवढ्या थंडीत साप कसला आलाय?" डूली हसला.

"मग थंडीत तो जातो कुठे?"

डूलीने जरा विचार केला. "खड्ड्यात," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

झालं. ग्रेडीने कोपऱ्यातल्या पेट्रोलच्या भल्यामोठ्या पंपाकडे बोट दाखवलं.

"अरे, तो तळी उपसायचा आहे," डूली म्हणाला. "चिखल, पेंढा, बेडूक, समोर येईल ते ओढतो. बांधावर ठेवला की नुसती नळी आत सोडायची."

"साप ओढतो?"

"बारका असेल तर."

"दे बांधून."

घरी गाडीतलं ते धूड बघून ट्वायला, म्हणजे त्याची बायको, दारातच थबकली. "बाबांनी खड्डा उपसायला सांगितलाय ना रे? नदी नाही ना?"

"काम चोख झालं पाहिजे," ग्रेडी ऐटीत म्हणाला. (आवाज किंचित कापला, पण तो थंडीने, असं त्याचं म्हणणं.)

पंप सुरू झाला तसा बांध थरथरायला लागला. पाणी भराभर उतरलं, छातीपर्यंत, कमरेपर्यंत, आणि मग गुडघ्यापर्यंत. ग्रेडीने बटणाकडे हात नेला. नेला आणि तिथेच थांबवला, कारण उरलेलं पाणी काळंकुट्ट होतं आणि त्याचा तळ दिसत नव्हता. उद्या पहाटेच्या अंधारात त्या पाण्यात आपलेच पाय असणार, हे त्याच्या डोक्यात आलं. गुडघाभर पाण्यात किती साप मावतात याचा विचार त्याने सुरू केला, आणि तो विचार काही केल्या थांबेना.

"कोरडाच करू," तो पंपाला म्हणाला. सासऱ्यांचे पायमोजेही भिजणार नाहीत, खूशच होतील की.

शेवटी पंपाला कोरडी ढेकर आली. ग्रेडीने टॉर्च मारला, काठीने चारही कोपरे ढोसले, झाकणांवर दगड मारून पाहिले. साप नव्हता. मग जीव मुठीत धरून तो खाली उतरला, फडक्याने तळ पुसला आणि रिकाम्या जागी हळूच टेकला. बाकावर, घरातल्या माणसांच्या ओळीत. त्याला खरंच भरून आलं.

तेवढ्यात खालून सूंऽऽ असा आवाज आला.

ग्रेडीने दोन्ही पाय बाकावर घेतले. आवाज वाढला. मग कुणीतरी चिखलातून बूट उपटावा तसा एक लांब, ओला आवाज झाला आणि बाक हलला. साप एवढा मोठा नसतो, हे त्याला कळत होतं, पण त्याने उलट जास्तच घाम फुटला. भूकंप असेल म्हणून त्याने झाकणातून डोकं बाहेर काढलं, तर समोरचं शेत खाली चाललेलं. बांध खाली, गाडी खाली, पंपही खाली. त्याने डोळे मिटून येत होती तेवढी प्रार्थना म्हटली. (जेवणाआधीची होती. दुसरी येत नव्हती.)

डोळे उघडले तेव्हा बांधावर मिस्टर हॉइट उभे होते. आणि आयुष्यात पहिल्यांदाच ग्रेडी त्यांच्याकडे वरून खाली बघत होता.

"ग्रेडी," ते अगदी शांतपणे म्हणाले. त्यांचा शांतपणा सापापेक्षा वाईट. "चहूकडे पाणी सोडलेलं शेत. बांध भिजून लापशी झालेला. त्यात बंद लोखंडी पेटी. ती रिकामी केली तर काय होईल?"

"तरंगेल," ग्रेडी पुटपुटला.

"म्हणून गुडघाभर. आमच्याकडे मुलांना हे चालायला लागायच्या आधी कळतं. उतर."

"साप आहे का खाली?"

"मी आहे."

ग्रेडी उतरला. तोच पंप उलटा लावून शेतातलं पाणी खड्ड्यात भरावं लागलं, तेव्हा कुठे पेटीचं ते धूड कुरकुरत खाली बसलं. पण बसलं ते तिरपं, एक टोक बांधाच्या वर निघालेलं. मिस्टर हॉइटनी त्या टोकाकडे पाहिलं, मग ग्रेडीकडे पाहिलं. डोक्यापासून पोटापर्यंत एकदा, आणि पोटावर जरा जास्त वेळ. मग ते गाडीकडे निघाले, आणि आपली जागा गेली असं समजून ग्रेडी पंप ओढत त्यांच्या मागोमाग गेला.

"जागा तुझी," गाडी सुरू करताना ते म्हणाले. "उद्याच नव्हे, पुढेही. कायमची."

घरी ग्रेडी ट्वायलाला कडकडून भेटला. कपाटातून बंदूक काढली, पुसली, तेल दिलं. मिस्टर हॉइट दारातून बघत होते.

"ती कशाला?" त्यांनी विचारलं.

"उद्या न्यायला. मी बाकावर आहे ना?"

"आहेस ना. त्या वर आलेल्या टोकाला. सगळ्यांच्या आधी उतरायचं, सगळ्यांच्या शेवटी चढायचं आणि मध्ये अजिबात उठायचं नाही, नाहीतर खड्डा पुन्हा वर येईल," मिस्टर हॉइट म्हणाले. "बंदूक राहू दे घरी. त्यापेक्षा पहाटे भाजशील त्यातली दोन बिस्किटं जास्त खाऊन ये."