चौथा क्वार्टर न बघणारे टिपणीस

शनिवारी दुपारी पाऊण वाजायच्या सुमारास आमच्या शेजारच्या फ्लॅटचं दार उघडतं आणि टिपणीस बाहेर येतात. हाफ पँट, घाईघाईत चढवलेला शर्ट, पायात बाथरूमच्या चपला आणि दोन्ही तळवे कानांवर दाबलेले. मग ते आमच्या अकराव्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमध्ये लिफ्टपासून जिन्यापर्यंत फेऱ्या मारायला लागतात. आत टीव्ही चालू असतो. त्यावर ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा सामना चाललेला असतो. सामन्याचे चार भाग. त्यातले तीन ते डोळ्यांत तेल घालून बघतात आणि चौथा, ज्यात निकाल लागतो तो, बघत नाहीत.

"मी बघितलं की आपले हरतात," असं त्यांनी मला समजावलं होतं. न बघताही हरतातच की, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण ओळख नवी होती, म्हणून गिळलं.

टिपणीस बावन्न वर्षांचे, कोथरूडचे. लग्न केलेलं नाही. सिंगापुरात येऊन त्यांना बारा वर्षं झाली. काम म्हणजे बँकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं. त्यामुळे कुठलंही वाक्य त्यांना पुरावा मागितल्याशिवाय पटत नाही. "निष्कर्ष काढू नका," हे त्यांचं आवडतं वाक्य. लिफ्टची वाट बघताना मी एकदा "आज पाऊस येणार" म्हणाले, तर ते ढगांकडे बघून म्हणाले, "एवढ्यात निष्कर्ष काढू नका, वहिनी."

आम्ही सिंगापूरच्या या चोआ चू कांग भागात राहायला आलो तो फेब्रुवारी होता. मार्चच्या एका शनिवारी बेल वाजली. दारात टिपणीस. म्हणाले, "वहिनी, अर्धा तास मोकळ्या आहात का? माझ्याकडे टीव्ही बघायला यायचंय."

माझ्या नवऱ्याने, नीलेशने, पेपरातून डोकं वर काढलं. मी कुकरखालचा गॅस बंद केला आणि गेले. स्वभावच तसा आहे माझा. कोणाच्या घरात काय चाललंय ते कळल्याशिवाय मला जेवण जात नाही.

माझं काम सोपं होतं. आरामखुर्चीत बसायचं, चौथा क्वार्टर बघायचा आणि दर थोड्या वेळाने दारातून स्कोअर ओरडून सांगायचा. त्यावेळी ते कानांवरचे हात काढणार. "फक्त आकडे सांगा," त्यांनी बजावलं. "भावना नकोत."

खेळ मात्र त्यांनी नीट समजावून दिला. लांबुळका चेंडू, मैदान गोलसर, दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब. मधल्या दोन खांबांमधून चेंडू मारला तर सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला तर एक.

"म्हणजे नेम चुकला तरी गुण?" मी विचारलं.

"एक. माणूस तिथपर्यंत पोचला तर होता ना," टिपणीस म्हणाले.

संघाचं नाव मात्र त्यांनी सांगितलं नाही. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसे टिपणीस सीझन चालू असताना संघाचं नाव घेत नाहीत. "आपले" म्हणतात. मी नाव टीव्हीवर वाचलं, पण त्यांचा मान राखून इथे लिहीत नाही.

त्या शनिवारी आपले पन्नासेक गुणांनी हरले. टिपणिसांनी आत येऊन टीव्ही बंद केला, मला बेसनाचा लाडू दिला आणि म्हणाले, "पहिला सामना म्हणजे अंदाज घ्यायचा असतो. निष्कर्ष काढू नका."

दुसऱ्या सामन्यात वारा उलटा होता. तिसऱ्यात म्हणे पंचांना चष्मे लागलेत. चौथ्यात आपल्यांचा सगळ्यात उंच खेळाडू गुडघा धरून बाहेर गेला आणि त्या रात्री टिपणिसांनी वरणभाताला फोडणीच दिली नाही, हे मला वासावरून कळलं. म्हणजे वास न आल्यावरून.

चार सामने, चार पराभव. तरी दर सोमवारी सकाळी हा माणूस लिफ्टमध्ये भेटायचा तो नव्या उमेदीने. "या शनिवारचे समोरचे जरा कच्चे आहेत," म्हणायचा. त्याच मजल्यावर लिम आंटी राहतात. सत्तरीच्या पुढच्या, दिवसभर कुंड्यांना पाणी घालणाऱ्या. त्यांनी मला एकदा अडवलं आणि खास सिंगापुरी इंग्रजीत म्हणाल्या, "दॅट अंकल हिज टीम ऑलवेज लूज, आय नो. ही वॉक-वॉक ओन्ली. पुअर थिंग, लाह." मी त्यांना विचारलं, हे किती वर्षं चाललंय. त्या म्हणाल्या, तीन-चार वर्षं तरी. त्याआधी अंकल शनिवारी झोपलेले असायचे.

इथे माझं कुतूहल खऱ्या अर्थाने जागं झालं. चाळिशी उलटल्यावर माणसाला मधुमेह होतो, योगासनं होतात. ऑस्ट्रेलियन फुटबॉल कसा होतो?

मी सरळच विचारलं, "तुम्ही मेलबर्नला होता का हो कधी?"

"नाही."

"मग कोणी नातेवाईक?"

"नाही. पासपोर्टवर तिकडचा शिक्कासुद्धा नाही." आणि ते तुळशीला पाणी घालायला निघून गेले.

नीलेशला वाटलं, पैजा लावत असतील. पण तो माणूस कांदे घेतानासुद्धा जोखीम घेत नाही. देवाला साकडं घातलं असेल म्हणावं, तर तेही नाही. लिटिल इंडियातल्या देवळात ते दर महिन्याला जातात, आमच्यासाठी गूळ आणि शेवया घेऊन येतात, पण संघासाठी तिथे कधी हात जोडले नाहीत. "देव सीझनच्या शेवटी लागेल. आत्तापासून वापरू नये."

पाया लेबारला माझ्या ऑफिसात एक ऑस्ट्रेलियन मॅनेजर आहे. त्याला पँट्रीत गाठून मी त्या संघाबद्दल विचारलं. तो हसला. म्हणाला, पुढची पाच वर्षं तरी त्यांचं काही होत नाही. आणि मग म्हणाला, असला संघ बापाकडून मिळतो. आपल्या मर्जीने कोणी निवडत नाही. तुझ्या शेजाऱ्याने का निवडला?

तेच तर मला हवं होतं.

पाचव्या शनिवारी मी न बोलावता गेले. तीन क्वार्टर झाले होते, आपले चाळीस गुणांनी मागे होते. टिपणीस चपला घालून बाहेर पडले, मी खुर्चीत बसले. थोड्या वेळाने आपल्यातल्या एका पोरसवदा खेळाडूने लांबून चेंडू मारला आणि तो बरोबर मधल्या खांबांतून गेला. सहा गुण. चाळिसातले सहा म्हणजे काहीच नाही. पण एकाएकी मैदानाच्या चारी बाजूंनी आपले सगळे खेळाडू त्याच्याकडे धावत सुटले. पार पलीकडच्या टोकाचा एक तर हात पसरूनच येत होता. सगळ्यांनी मिळून त्या पोराला असं काही कवटाळलं की तो दिसेनासाच झाला.

मी दारात गेले. आकड्यांचं विसरलेच. "अहो, एका नवीन मुलाने गोल केलाय, आणि सगळेच्या सगळे त्याला मिठी मारतायत. हे काय असतं?"

मला बघून टिपणिसांनी कानांवरचे हात खाली घेतलेच होते. ते चक्क आत आले. टीव्हीसमोर उभे राहिले. तेच दृश्य पुन्हा दाखवत होते.

"पहिला गोल आहे त्याचा," ते म्हणाले. "आयुष्यातला पहिला. त्यावेळी सगळे येतात. कितीही मागे असले तरी येतात."

 मग ते स्टुलावर बसले आणि टीव्हीकडे बघतच बोलायला लागले.

"आई गेली ती कोविडात. पण कोविडने नाही, वयाने. मी आदल्या दिवशी पोचलो होतो, एवढं नशीब. पण इकडे परत यायची परवानगी एका ठरावीक तारखेचीच होती. ती चुकली तर पुन्हा कधी मिळेल, सांगता येत नव्हतं. चौथ्या दिवशी निघालो. इथे उतरल्यावर चौदा दिवस हॉटेलच्या खोलीत. दार उघडायचं नाही. जेवणाचा डबा बाहेर ठेवून बेल वाजवायचे, मी दार उघडेपर्यंत माणूस गेलेला. सुतक पाळलं म्हणा, सरकारी."

मी टीव्हीचा आवाज कमी केला.

"तेराव्याच्या दिवशी सकाळी आंघोळ केली आणि काय करावं ते कळेना. टीव्ही लावला. हा खेळ चालला होता. एक संघ सत्तर गुणांनी मागे. मला नियम माहीत नव्हते, पण हरतायत एवढं दिसत होतं. आणि तेवढ्यात एका मुलाने गोल केला. आणि सगळे असेच धावत आले." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "एकमेकांना शिवणारी माणसं मी त्या चौदा दिवसांत तेवढीच बघितली. मग पुढच्या आठवड्यात पुन्हा लावलं. मग राहिलंच ते."

"घरी माहीत आहे हे?"

"घरी आता विद्याताई. मोठी बहीण. तेराही दिवस तिने एकटीने केले. माणसं नाहीत, गुरुजी फोनवर. शेवटी मला म्हणाली, कंपनी काही पळून जात नव्हती. खरंच आहे. तेव्हापासून भाऊबीजेला फोन करतो. ती तब्येत विचारते, मी तब्येत सांगतो. तिला काय सांगू, वहिनी? तू तिकडे आईचं तेरावं करत होतीस आणि मी हॉटेलात फुटबॉल बघत होतो, असं?"

मी हातातला रिमोट खाली ठेवला. 

"हो," मी म्हणाले. "अस्संच सांगा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पुरावा मागतील असं वाटलं. पण मागितला नाही. पडद्यावर सामना संपला होता. आपले हरले होते आणि कितीने, ते आम्हा दोघांपैकी कोणीच बघितलं नाही. टिपणिसांनी शर्टाच्या खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर सारला आणि नंबर लावला.

"ताई, अवी बोलतोय. मोकळी आहेस का? ... नाही, बरा आहे. भाऊबीज कशाला लागते? ... अगं, ऐक. आईच्या तेराव्याला मी काय करत होतो, ते तुला सांगायचं होतं."

  मी उठले, दाराशी गेले, चपला हातात घेतल्या. मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. अगदी छोटा प्रश्न.

"हो गं," ते म्हणाले. "एकटाच होतो."

मी दार हळूच ओढून घेतलं.