बाकड्याचं गाऱ्हाणं

जगात सगळीकडे सभेत ठराव मांडतात. त्याला सूचक लागतो, अनुमोदक लागतो, आणि चहा येईपर्यंत वेळ काढायला एखादा विरोधकही लागतो. आमच्या आळीच्या रहिवासी मंडळात मात्र दाजी भाटकर ठरावाचं गाऱ्हाणं घालतात.

म्हणजे असं, की सभा सुरू झाली की दाजी उठतात, टोपी सारखी करतात, डोळे मिटतात आणि गावच्या देवळात शिमग्याला लावतात तो खणखणीत आवाज लावतात, "बा देवा म्हाराजाऽऽ!"

हातातला चहा न सांडता आम्ही सगळे, "व्हय म्हाराजा!"

"आज ही जी तुजी लेकरां गनपतीच्या शेडमधी एका मतानं जमली हायत..."

"व्हय म्हाराजा!" वास्तविक एका मतानं आम्ही आजवर फक्त बटाटेवडे मागवले आहेत.

"त्येंच्या दारातलं जे गटार तुंबलंय, त्याच्या नरड्यातली इडापिडा भायर काड म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनि जो कोन त्यात नारळाची सोडनं टाकीत असंल, त्याला चांगली बुद्धी दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" इथे नारळाची सोडणं, म्हणजे सालं, टाकणारे पाटकर सगळ्यांत मोठ्यानं ओरडतात.

कोकणातल्या माणसाला गाऱ्हाण्यावर 'नाही' म्हणता येत नाही. लहानपणापासून जिभेला वळणच तसं. पालीकडच्या दाजींच्या गावात गाऱ्हाणं घालायचा मान भाटकरांच्या घरात आहे. तो मान त्यांनी इथे रत्नागिरी शहरात आणला आणि त्यावर अख्खं मंडळ काबीज केलं. मंडळात पद म्हणाल तर एकही नाही. अध्यक्षपद माझ्याकडे आहे. मी खेडला साडूच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो त्या दिवशी निवडणूक झाली, आणि आमच्याकडे गैरहजर माणूस बिनविरोध निवडून येतो.

मंडळाच्या चिटणीस केळकरबाई. कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे आळीकडे त्या वरून, नकाशात बघावं तशा बघतात. मध्यंतरी जुन्या बाजारपेठेचा भाग सुधारायचा, रस्ते, दिवे, पदपथ सगळं नवं करायचं, असं वरून ठरलं आणि प्रत्येक आळीला विचारणा झाली की तुम्हाला आधी काय हवं? केळकरबाईंनी प्राधान्यक्रम लावला. गटारं, दिवे, भटकी कुत्री, पार्किंग. सगळं कसं मुद्देसूद.

दाजींचा प्राधान्यक्रम एका शब्दाचा होता. बाकडं.

"दिवे लावा, पन उजेडात दिसनार काय? बसायला जागा नाय, हेच ना?" दाजी म्हणाले.

केळकरबाई कुत्र्यांवर आल्या. दाजी म्हणाले, "कुत्रा भर रस्त्यात फतकल मारून बसतो. मी बसलो तर चालंल? नाय. म्हंजे कुत्र्याचं भागलंय. आता मानसाचं बगा."

कोणीतरी कॅमेरे बसवा म्हणालं. "आधी मानूस बसवा," दाजी म्हणाले. "मानूस कुठंतरी टेकला पायजे. टेकायला जागा नाय ते कसलं शहर?"

बरं, बाकडं कुठेही चालेल म्हणावं, तर तेही नाही. गणपतीच्या शेडजवळ बदामाच्या झाडाखाली ऐसपैस सावली आहे. तिथे घ्या म्हटलं तर दाजी मान हलवायचे. त्यांना हवं होतं पाखाडी जिथे उतरते तिथेच. आमच्याकडे चढावरची घरं जांभ्याच्या पायऱ्यांच्या वाटेनं जोडलेली असतात, ती पाखाडी. दाजींचं घर तिच्या अगदी वरच्या टोकाला. आणि ती खाली उतरते नेमकी केळकरबाईंच्या फाटकासमोर, जिथे बाईंची स्कूटर उभी असते आणि जिथे पार्किंगचे पांढरे पट्टे मारून घ्यायचं बाईंच्या मनात होतं. त्यात फाटकासमोरचा रस्ता मासेवाल्यांचा. पाट्या घेऊन बायका तिथूनच मार्केटकडे जातात. तिथे बाकडं आलं की पाट्या टेकणार, आणि केळकरबाईंच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासानंतर येतो. मग दोघांची जुंपली.

दाजी गाऱ्हाण्याच्या जोरावर जिंकतात हे ओळखून एका सभेत केळकरबाई स्वतःच उभ्या राहिल्या. डोळे मिटले, हात जोडले आणि म्हणाल्या, "हे परमेश्वरा, दुचाकी वाहनांच्या सुनियोजित वाहनतळासाठी योग्य ती जागा उपलब्ध करून देण्याची आम्हा सर्वांस सुबुद्धी व्हावी, ही नम्र प्रार्थना."

शेडमध्ये चिडीचूप. मागून एक क्षीण आवाज आला, "अनुमोदन."

बाई तांबड्यालाल झाल्या. दाजींनी मात्र उठून त्यांना पाणी दिलं आणि अगदी आपुलकीनं सांगितलं, "बाई, शब्द चांगले हायत. पन देवाला मधी मधी श्वास घ्यायला जागा द्या."

पुढे पाहणीला इंजिनिअर आले. लातूरकडचे, तरुण, सज्जन. फाटकासमोर अख्खी आळी जमली. पार्किंग की बाकडं, दोन्ही मावणार नाही, एक काय ते सांगा, असं ते म्हणाले. केळकरबाईंनी पिशवीतून कागद काढेपर्यंत दाजींनी पिशवीतून नारळ काढला.

"बा देवा म्हाराजाऽऽ! हे जे लातूरचे सायेब आपल्या मुलखात आले हायत, त्येंची वाट सोपी कर, त्येंची बदली त्येंच्या गावाजवळ कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बदलीचं नाव निघाल्यावर साहेबांनी हात जोडले आणि तेही म्हणाले, "व्हय महाराजा!"

"आनि त्येंच्याच हातनं हितं एक बरंसं बाकडं होऊन जाऊं दे म्हाराजा!"

"व्हय महाराजा!" या वेळी साहेबांचा आवाज आमच्याही वर गेला. दाजींनी नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला.

"पूजा छान झाली," साहेब म्हणाले.

"पूजा नाय सायेब," पाटकर म्हणाले, "मंजुरी."

केळकरबाईंनी तिथल्या तिथे हरकत घेतली. देवाच्या नावानं फसवून घेतलेली संमती त्यांना मान्य नव्हती, आणि खरं सांगायचं तर साहेबांनाही नव्हती. येत्या रविवारी सरळ हात वर करून मतदान घ्या आणि निकाल कळवा, असं ठरलं. हात वर करायचे म्हटल्यावर दाजी हरणार हे उघड होतं. आळीत स्कूटर सगळ्यांकडे आहे. भर सभेत भांडण नको म्हणून बदामाखालच्या जागेवर दाजींना राजी करायला मला पाठवलं. गैरहजर राहून निवडून आलेल्याला अशीच कामं मिळतात.

पाखाडी चढून मी पोचलो तेव्हा दाजी पडवीत अपराध्यासारखे उभे होते. समोर त्यांची बायको, माई, खुर्चीत बसून त्यांनी आणलेल्या मासळीची तपासणी करत होती. एकेकाळी आमच्या आळीत मासा घ्यावा तर माईनं. बायका तिच्यामागून मार्केटात जायच्या आणि ती ज्या पाटीपुढे बसेल तिथेच बसायच्या. हल्ली ती बऱ्याच दिवसांत खाली दिसली नव्हती, आणि ती दिसत नाही हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"हे बांगडे काय म्हनून आनलेत?" माईनं एकाचा कल्ला उघडून दाखवला. "ह्याचे डोळे बगा. तुमच्यासारखे झालेत."

"ताजे हायत म्हनाली ती."

"ती म्हनायचीच. तुमचं तोंड बगून तिनं कालचे ठेवले असतील बाजूला." मग माझ्याकडे वळून, "सरंगे येतायत काय रे सध्या? ह्यांना विचारून उपयोग नाय. ह्यांना सरंगा आनि पापलेट एकच."

ती चहा टाकायला उठली. उठताना तिनं आधी खुर्ची धरली, मग भिंत, मग दाराची चौकट. ती आत गेल्यावर दाजी हलक्या आवाजात बोलले. गाऱ्हाण्याचा नव्हे, दुसऱ्याच माणसाचा आवाज होता तो.

"गुडघे गेले रे तिचे. पाखाडी उतरते कशीबशी, बाजूची भिंत धरून. पन उतरल्यावर लगेच टेकायला लागतं, नायतर पाय थरथरतात. हितं वर कोन पाटी घेऊन चढत नाय. म्हटलं, मी खुर्ची घेऊन येतो तुज्यासंगती. तर म्हनाली, नवरा मागनं खुर्ची घेऊन चाललाय, अख्खी रत्नागिरी बगंल. मेले तरी येनार नाय."

"मग सभेत सांगायचं ना हे!"

"शपथ घातलीय तिनं. लोकांनी कीव करायची नाय. बाकड्यावर काय, कोनपन बसतं. त्यात लाज नाय." मग म्हणाले, "तू पन बोलू नको कुठं."

मी मान हलवली. पण माझ्या पोटात बातमी टिकत नाही हे दाजींना माहीत असायला हवं होतं. पाखाडी उतरलो तर केळकरबाई फाटकातच उभ्या, "काय म्हणतात?" मी तिथेच सगळं सांगून मोकळा झालो. बाई फाटक लावून आत गेल्या. मला वाटलं, दाजी सभेत खरं कारण सांगणार नाहीत हे कळल्यावर बाईंना मतं मोजायला आणखी सोपं.

रविवारी शेड भरली. दाजी आले, पण मागच्या खुर्चीवर टोपी मांडीवर ठेवून गप्प बसले. सगळे चहा धरून तयार, आणि गाऱ्हाणंच नाही. सभा सुरू झालीय हेच कोणाला कळेना.

केळकरबाई उठल्या. "मतदानाची गरज नाही," त्या म्हणाल्या. "बाकडं माझ्या फाटकासमोरच हवं आहे. गुडघे माझेही दुखतात. मलाही घरात शिरण्यापूर्वी टेकायला लागतं. कोणाची हरकत?"

केळकरबाई रोज सकाळी थिबा पॅलेसपर्यंत भराभरा चालत जाऊन येतात, हे आळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण त्यांच्यापुढे हरकत घ्यायची कोणाची टाप होती? दाजींनी एकदा माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत मला चार शिव्या दिसल्या. मग त्यांनी डोळे पुसले आणि टोपीत तोंड घालून शिंकल्यासारखं केलं.

बाकडं झालं. सिमेंटचं, पाठ टेकायला पट्टी असलेलं, हाताला धरायला दांडा असलेलं. दांडा केळकरबाईंनी मागाहून अर्जात लिहून घातला होता. पहिल्याच सकाळी माई उतरली. ठेवणीतलं लुगडं नेसून, केसात अबोली माळून. दाजी दोन पायऱ्या पुढे, मागे न बघता, जणू त्यांचा तिच्याशी काही संबंध नाही. ती बाकड्यावर बसली, श्वास घेतला, आणि समोरून येणारी पहिली पाटी तिनं हाक मारून खाली उतरवली.

"माई! हैत कुठं तुम्ही!" मासेवाली फतकल घालून तिच्या पायाशीच बसली.

"मी हाय हितंच. तू ह्यांना कसले बांगडे घातलेस गो परवा?"

पुढचा अर्धा तास आळीनं जे ऐकलं ते लिहिण्याजोगं नाही, पण ऐकायला फार बरं वाटलं. केळकरबाई नाकाला पदर लावून फाटकात उभ्या होत्या आणि तरी आत जात नव्हत्या.

दाजी मात्र कुठे दिसेनात. बघतो तर ते मार्केटच्या दिशेनं बरेच पुढे, एका बंद दुकानाच्या पायरीपाशी उभे. मी गेलो तिथे.

"दाजी, इथे काय करताय? बाकड्यावर टेका की तिच्याशेजारी."

"दुसरं हितं लावायला हवं," ते म्हणाले. "मंग तिसरं मार्केटापाशी. तिथनं पुढं मात्र जवळजवळ लागतील, चढ हाय."

"पुढे कुठे?"

"मांडवीला. समुद्र बगितला नाय रे तिनं, कैक दिवस झाले. वारा तिकडचा असला की गाज ऐकू येते घरात. मंग विचारते, भरती हाय काय ओ? मी सांगतो, हाय. मला तरी काय ठाव?"

दाजींनी मागे वळून पाखाडीच्या पायथ्याकडे बघितलं.

"तुज्या नजरेला नीट दिसतं. हितनं ती दिसते काय?"

"दिसते."

"मंग हितंच. बसलेल्या मानसाला पुढचं बाकडं दिसलं पायजे. तरच तो उठतो."

तिकडून माईनं हात वर केला आणि काहीतरी लांबडं, चंदेरी आम्हाला उंच धरून दाखवलं. "पापलेट हाय," दाजी म्हणाले. ती सुरमई होती. मी म्हटलं, "होय, पापलेटच."